सतरावी मात्रा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण आता महिना उलटून गेलाय आणि अण्णांबद्दल लिहायचं तर खरंच लिहायला हवं, म्हणून सांगतो. मला वाटलं, हा माणूस हरायच्या भीतीनं गेला. गुरुवारची सकाळ होती. नांदेडच्या घरी मी चहाला आधण ठेवलं होतं आणि फोनवर लातूरहून अनघा, अण्णांची मुलगी, बोलत होती. "काका, अण्णा गेले. झोपेतच," एवढं म्हणून ती थांबली. आणि मी म्हणालो, "अगं, पण रविवारचं ठरलं होतं ना." पोर बाप गेल्याचं सांगतेय आणि मी तिला वार सांगतोय... दुसरी कुणी असती तर तिनं फोन आपटला असता. अनघा नुसतं "हो काका" म्हणाली, कारण रविवारी काय ठरलं होतं ते त्या घरात भांडीवाल्या मावशींनाही माहीत होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं आमचं एक भांडण त्या रविवारी मिटणार होतं.

व्हायोलिन ऐकणाऱ्यांना पंडित दिगंबर देवणीकर हे नाव सांगावं लागत नाही, पण त्यांचं वाजवणं मात्र सांगूनच पटवावं लागतं, कारण ऐकवायला हाताशी फार काही नाही. मैफलीत कुणी चोरून केलेली दोन-चार ध्वनिमुद्रणं आहेत, त्यांत व्हायोलिनपेक्षा शेजारच्याचा खोकला जास्त. अण्णा मूळचे देवणीचे. घरी बैल पाळलेले, वडील बैलांच्या जोडीनं प्रदर्शनात बक्षिसं मिळवणारे. अण्णा म्हणायचे, "आमच्या देवणीची दोनच जित्राबं नावाजलेली. एक बैल, दुसरा मी. मागणी बैलाला जास्त हाय." शिकले बीदरकडच्या एका गुरुजींकडे. विद्या हिंदुस्थानी आणि शिव्या कानडी, असं ते शिक्षण होतं, आणि अण्णा दोन्ही शेवटपर्यंत शुद्ध राखून होते. मोठमोठ्या शहरांतून बोलावणी यायची, तिथले लोक म्हणायचे, इकडेच राहा. अण्णा दोन दिवसांत परत. लातूरच्या ज्वारीच्या भाकरीवाचून व्हायोलिनचा गज सरळ चालत नाही, हे त्यांचं कारण.

त्यांची खरी कीर्ती मात्र वाद्य जुळवण्याची होती. चार तारा जुळवायला या माणसाला चाळीस मिनिटं लागायची. उदगीरच्या एका मैफलीत लोक मधल्या वेळात घरी जाऊन जेवून आले आणि येऊन बघतात तर अण्णा तिसऱ्या तारेवर. संयोजकानं हळूच विचारलं, पंडितजी, सुरुवात कधी? अण्णा म्हणाले, केव्हाची झाली की. यात सोंग नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटायचं. अलीकडे लातुरात त्यांच्या घराभोवती शिकवण्यांचे क्लास झाले, तेव्हा आईबाप मुलांना घेऊन यायचे आणि विचारायचे, व्हायोलिननं एकाग्रता वाढून मार्क वाढतात का? अण्णा सांगायचे, मार्क वाढत नाहीत, पण कमी पडले तर वाजवायला काहीतरी हाताशी राहतं. बरेचसे आईबाप तिथूनच परत जायचे.

मी त्यांचा तबलजी. पोटापाण्याला पाटबंधारे खात्यात लिपिक आणि जीव तबल्यात, अशी माझी विभागणी होती. अण्णांनी मला नांदेडच्या एका गणेशोत्सवात ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, हा पोरगा मला द्या. वडिलांना वाटलं, स्थळ घेऊन आलेत. त्यांनी पोहे करायला सांगितले. गैरसमज उघडा पडेपर्यंत अण्णांनी दोन बशा पोहे खाल्ले होते आणि माझं ठरलंही होतं.

आता त्या भांडणाविषयी. नांदेडला वजिराबादेत एका कापडदुकानाच्या माडीवर रज्जाकभाईंचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, मध्ये काचेचा आडोसा, भिंतींना आतून गाद्या टांगलेल्या आणि आवाज नको म्हणून पंखा बंद. एका कॅसेटवाल्या कंपनीनं अण्णांचं मुद्रण करायचं ठरवलं होतं. रज्जाकभाईंचं म्हणणं होतं की तबल्याला हैदराबादहून कुणीतरी मुरलेला आणावा. अण्णांनी हट्टानं मलाच बसवलं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि स्टुडिओ पहिल्यांदाच पाहत होतो. ऐन उन्हाळा, दुपारची वेळ, राग भीमपलासी. तानपुऱ्यावर अण्णांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी. रेल्वेची शिट्टी झाली की थांबायचं, अजान झाली की थांबायचं, खाली दुकानदारानं कापडाचं थान आपटलं की थांबायचं. घामानं माझी बोटं तबल्याच्या शाईवरून घसरत होती. पण तो दिवस अण्णांचा होता. गज असा चालला होता की काचेपलीकडे रज्जाकभाई टोपी काढून बसले होते.

ज्यांचा तबल्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीनताल सोळा मात्रांचा. सोळा मोजून झाल्या की पुन्हा पहिलीवर यायचं, तिला सम म्हणतात. तिथं दोघं एकदम पोचले की ऐकणारे मान डोलावतात. द्रुत गतीत अण्णांनी मला जागा दिली. ते गत, म्हणजे ठरलेली सुरावट, धरून राहिले आणि मी एक तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं. आलो. दोघं बरोबर एकत्र आलो. फक्त ते आवर्तन सोळाऐवजी सतरा मात्रांचं झालं होतं. कुणाच्या लक्षात येऊ नये असं, पण रज्जाकभाईंच्या कानांना काय फसवणार? वाजवणं संपल्यावर ते आत येऊन म्हणाले, "पंडितजी, तबले के टैम पे कुछ अटक्या जैसा लग्या." मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "माझा गज लांबला. ह्यानं सांभाळून घेतलं. पुन्हा घेऊ." दुसऱ्यांदा घेतलं, ते बिनचूक झालं, आणि पाढे म्हटल्यासारखं झालं.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण जिना उतरताना, चौथ्या-पाचव्या पायरीवर, अण्णा मला हळूच म्हणाले, "मुकुंदा, सतरावी मात्रा तुझी होती बरं का." मी म्हणालो, अण्णा, आत्ता आत तुम्हीच कबूल केलंत. अण्णा म्हणाले, "आतलं आत, भायेरचं भायेर." मला राग आला. माझी तर खात्री होती की त्यांनी गज लांबवला आणि मी शेवटचा 'धा' त्यांच्यासाठी थांबवला. त्यांचं म्हणणं, मी तिहाईत रेंगाळलो आणि त्यांनी माझ्यासाठी सूर धरून ठेवला. म्हणजे दोघांचा दावा एकच, चूक तुझी आणि सांभाळलं मी. निकाल फक्त टेपच लावू शकत होती. ती मिळेना. कॅसेट निघायच्या आतच कंपनी बंद पडली, मग रज्जाकभाईंचा स्टुडिओ आटोपला, मग रज्जाकभाईही गेले. पुरावा नाही म्हटल्यावर भांडणाला चांगलं खतपाणी मिळालं.

चाळीस वर्षं त्यांनी मला ती मात्रा विसरू दिली नाही. दर दिवाळीला लातूरहून एसटीच्या कंडक्टरबरोबर स्टीलचा डबा यायचा, त्यात बेसनाचे लाडू मोजून सतरा. मी सोळा खायचो आणि सतरावा त्याच डब्यात घालून परत पाठवायचो. सोबत चिठ्ठी, 'हा आपला.' माझ्या निवृत्तीच्या समारंभाला कुणीतरी अण्णांना प्रमुख पाहुणे केलं. साहेबांसमोर अण्णा माईकवर म्हणाले, "हा माणूस तीस वर्षं हापिसात येळेवर आला. जिंदगीत एकदाच उशिरा आला, ते फक्त मला माहीत हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब मला बाजूला घेऊन विचारायला लागले, कधी? मीही काही कमी नव्हतो. 'तुम्हीच कबूल केलं होतं, स्टुडिओत, सगळ्यांसमोर' हे माझं ब्रह्मास्त्र होतं आणि ते मी त्यांच्या शिष्यांपुढे हटकून काढायचो. त्यावर अण्णा नुसते हसायचे. का कबूल केलं होतं, ते त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही आणि मला विचारावंसं वाटलं नाही. वहिनींना कितीदा साक्षीला ओढलं. त्या म्हणायच्या, मी तानपुऱ्यावर होते, मोजायचं काम तुमचं. शेवटी आमच्यात एक करार झाला. टेप सापडलीच तर जो चुकला असेल त्यानं मोठ्यानं 'चुकलो' म्हणायचं, एकदाच. हा शब्द आम्हा दोघांपैकी कुणीच आयुष्यात कधी उच्चारला नव्हता, त्यामुळे पैज जबरच होती.

गेल्या काही वर्षांत अण्णांना कमी ऐकू यायला लागलं होतं. कानाचं यंत्र आणलं, ते त्यांनी गजाला लावायच्या राळेच्या डबीत ठेवून दिलं. समोरच्या क्लासात फिजिक्सचे सर माईकवरून शिकवतात, त्या आवाजानं सगळी गल्ली वैतागलेली, एकटे अण्णा प्रसन्न. व्हायोलिन मात्र रोज काढायचे, चाळीस मिनिटं जुळवायचे, हनुवटी वाद्यावर टेकवून हाडाला लागणारी थरथर ऐकायचे, आणि ठेवून द्यायचे. वाजवणं थांबलं होतं, जुळवणं नाही.

आणि अचानक टेप सापडली. रज्जाकभाईंची मुलगी शबाना आपा लातुरात असतात, उर्दू शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्या शिवणयंत्राचा एक पाय उंचसखल फरशीमुळे डुगडुगायचा, म्हणून त्याखाली दोन चपटे डबे वर्षानुवर्षं ठेवलेले. यंदा फरशी बदलताना डबे निघाले आणि त्यांवर त्यांना वडिलांचं अक्षर दिसलं. त्या स्वतः पिशवीत घालून डबे अण्णांकडे घेऊन गेल्या. अण्णांनी विचारलं म्हणे, माझ्या भीमपलासीवर किती कपडे शिवले? आपा म्हणाल्या, "गिने नहीं पंडितजी, मगर मशीन कभी हिली नहीं." अण्णांना ही दाद फार आवडली. त्याच संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसे ओरडून बोलत होते.

"मुकुंदा, रविवारी ये. अनघा टेपचं मशीन मागवायलीय हैदराबादहून. येताना कान घेऊन ये."

"माझे आहेत अण्णा. तुमचं काय?"

"मला ऐकायची गरज न्हाई. मी तवाच मोजलेलं हाय."

तो आमचा शेवटचा संवाद. फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, रविवारी म्हाताऱ्याला चुकलो म्हणायला लावतो. वाक्य नीट आठवतं, कारण ते नंतर मला फार टोचलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी लातूरला गेलो. अण्णांच्या खोलीत वहिनी, अनघा, शबाना आपा आणि मी, एवढेच होतो. खिडकीजवळच्या पलंगावर कुणी बसलं नाही. तिथे व्हायोलिनची पेटी, वर राळेची डबी, सगळं जिथल्या तिथं. अनघानं टेपवरचं सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून आणलं होतं. सुरू केलं. पहिली वीस मिनिटं नुसतं खुंट्या पिळणं, आधीची वीस टेप लावण्यापूर्वीच झाली असणार. पिर्र, कुंई, पुन्हा पिर्र. अनघाचा हात पुढे ढकलायला गेला आणि मागे आला. आम्ही चौघं ती वीस मिनिटं देवळात बसावं तसे बसून ऐकत होतो. मध्येच वहिनींना हसू आलं आणि त्या हसण्याचं कधी दुसरंच काही झालं... मग भीमपलासी सुरू झाला. तो कसा होता ते लिहायला मला येत नाही. एवढंच लिहितो की माझ्या आठवणीत तो होता त्यापेक्षा चांगला निघाला, आणि आठवणी सहसा उलट वागतात.

तिहाई जवळ आली तसा मी बोटांवर मोजायला लागलो. तुकडा एकदा झाला की एक मात्रा थांबायचं असतं. मी दीड थांबलो होतो. दुसऱ्यांदा पुन्हा दीड. मागे अण्णांची गत घड्याळासारखी जागेवर चाललेली. आणि मग शेवटी, समेच्या तोंडाशी, एकच सूर धरून ते थांबले, पोरानं रस्ता ओलांडेपर्यंत बापानं कोपऱ्यावर उभं राहावं तसे. मी पोचलो, आणि ते माझ्याबरोबर समेवर आले. मी अनघाला पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा मीच उशिरा आलो.

नंतर टेपवर आवाज आला, "माझा गज लांबला. ह्यानं सांभाळून घेतलं." माझं ब्रह्मास्त्र.  शबाना आपांनी पिशवीतून डब्याचं झाकण काढलं आणि वडिलांनी उर्दूत लिहिलेली ओळ वाचून दाखवली, "पहला टेक. ग़लती उस्ताद की, बक़ौल उस्ताद." म्हणजे चूक उस्तादांची, उस्तादांच्याच म्हणण्यानुसार. रज्जाकभाईंनी अण्णांचा शब्दही राखला होता आणि स्वतःचा कानही. आपा म्हणाल्या, डबे आणले त्या दिवशी पंडितजींनी ही ओळ दोनदा वाचून घेतली, खूप हसले आणि म्हणाले, रविवारपर्यंत मुकुंदाला सांगू नका. "अब्बा सांगायचे, त्या दिवशी हैदराबादच्या तबलजीला तार करायची तयारी होती. तुमची एक चूक निघाली असती तर तुम्ही जिन्याखाली गेला असता."

 सव्वीस वर्षांचा मी त्या दिवशी जिन्याखाली गेलो असतो तर पुन्हा तबल्याला हात लावला नसता, हे मला आज नक्की माहीत आहे आणि त्या माणसाला तेव्हाच माहीत होतं. जगासमोर त्यांनी चूक आपल्या अंगावर घेतली आणि खासगीत मला चाळीस वर्षं सोडलं नाही. यातलं कुठलं प्रेम मोठं, ते मला ठरवता येत नाही.

अनघा थोड्या वेळानं म्हणाली की वर्षश्राद्धाला हे मुद्रण बाहेर काढायचा शिष्यांचा विचार आहे. दोन्ही टेक हाताशी आहेत, दुसरा बिनचूक आहे, आणि तबल्याला तुमचं नाव जाणार, तेव्हा कुठला काढायचा ते काका तुम्हीच सांगा. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात दुसरा टेक आला. साठी उलटलेल्या माणसाला चार लोकांत नाव असतं. आता त्यातले जाणकार घरी बसून मोजणार, सोळा, सतरा, आणि माझ्याकडे बघून काही न बोलता हसणार. पण दुसऱ्या टेकमध्ये अण्णा नव्हते, व्हायोलिन होतं. मी म्हणालो, पहिला काढ. आणि खाली छापा, चूक तबल्याची, बकौल तबलजी.

 वहिनी उठल्या, आतून स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवला. मोकळाच होता. म्हणाल्या, यंदा दिवाळी नाही आपल्याकडे, पण डबा तुमच्याकडे असू द्या. तुमचा परत आलेला सतरावा लाडू ते दुसऱ्या कुणाला देत नसत, नातवालाही नाही. मग म्हणाल्या, "छापायचं ते छापा भावजी. आधी ठरलं होतं ते म्हणा."

मी पलंगाकडे तोंड केलं. हळूच शब्द काढला. चुकलो.

"मोठ्यानं म्हणा," वहिनी म्हणाल्या. "त्यांना कमी ऐकू येत होतं."

मग मी मोठ्यानं म्हणालो. इतक्या मोठ्यानं की समोरच्या क्लासातले फिजिक्सचे सर माईकवर बोलता बोलता थांबले. गल्ली एकदम शांत झाली. मग त्यांचं शिकवणं पुन्हा सुरू झालं. मध्ये किती मात्रा गेल्या ते मी मोजलं नाही.